धोम ते वाई : दगड, चुना आणि कृष्णा

(दृश्य : पाचगणीचा सिडनी पॉइंट, सकाळ. कॅमेरा पश्चिमेकडून पूर्वेकडे सावकाश फिरतो.)

पाचगणीच्या या कड्यावरून कृष्णेचं वरचं खोरं एका नजरेत मावतं. डावीकडे धोमचं पाणी, त्यामागे कमळगडाचा डोंगर. समोर पांडवगड आणि त्याला लागून मांढरदेवची रांग. उजवीकडे खोरं रुंदावत जातं आणि वैराटगडाजवळ मोकळं होतं. मधोमध, पाचशे मीटरहून जास्त खोल, वाई.

माथ्यावर जांभा आणि त्याखाली बसाल्टचे एकावर एक थर, अशी या डोंगरांची रचना आहे. जांभ्यात पाणी मुरतं. खालचा बसाल्ट मात्र फटी आणि सांधे सोडले तर पाणी आत घेत नाही. कड्यांच्या पोटातून जागोजागी झरे फुटतात ते यामुळेच.

कृष्णेचा उगम क्षेत्र महाबळेश्वरचा. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ढग पूर्वेकडे सरकतात तसे रिकामे होतात आणि वाईच्या वाट्याला त्या पावसाचा लहानसा हिस्सा येतो. वरच्या जोर गावाच्या बाजूला डोंगर कोसळल्यासारखा पाऊस चालू असतो आणि वाईत नुसती भुरभुर असते. खोरं अरुंद, उतार तीव्र, खडक पाणी न पिणारा. म्हणून पूर्वी नदी काही तासांत चढायची आणि तशीच उतरायची. वाईतलं जुनं बांधकाम पाहायचं तर आधी हा चढउतार लक्षात घ्यायला हवा. इथल्या बांधणाऱ्यांनी पुराला अडवलेलं नाही. तो येणार हे धरूनच त्यांनी दगड रचले आहेत.

(दृश्य : धोम धरणाची भिंत, सांडवा, जलाशय.)

वाईच्या वर, धोम गावाजवळ हे धरण १९७०च्या दशकात उभं राहिलं. मातीची लांब भिंत, सांडव्याचा भाग दगडी बांधकामाचा, साठवण साधारण साडेतेरा टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. आणखी वर बलकवडीला दुसरं धरण आहे, चार टीएमसीच्या आसपासचं. धोमच्या कालव्यांचं पाणी खाली सातारा-कोरेगावकडे जातं. बलकवडीचं पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडे, खंडाळा-फलटणच्या दुष्काळी पट्ट्यात पोहोचतं. धरणात गेलेल्या गावांचं पुनर्वसन झालं, माणसं खालच्या लाभक्षेत्रात विखुरली. वाईचा पूर आता बराचसा सांडव्याच्या दरवाजांवर ठरतो.

(दृश्य : धोमचं देऊळ, पाण्याच्या कुंडातला नंदी.)

धोम गावातलं हे महादेवाचं देऊळ. समोरच्या दगडी कुंडात नंदी बसवला आहे. कुंड भरलं की नंदी पाण्यावर बसल्यासारखा दिसतो.

(दृश्य : हळदीचं शेत, काढणी, शिजवणी.)

नदीकाठची ही काळी, निचऱ्याची जमीन वाईच्या हळदीची. लागण अक्षयतृतीयेच्या सुमारास होते आणि काढणी आठ-नऊ महिन्यांनी, जानेवारीपासून पुढे. पाला पिवळा पडून वाळला की जमिनीलगत कापतात. त्यानंतर जमीन थोडी तापू देतात आणि मग कुदळीने किंवा यंत्राने गड्डे उपटतात. माती झटकून मधले मुख्य जेठे गड्डे, बाजूचे बगल गड्डे, हळकुंडं आणि मागच्या वर्षीचा सोरा गड्डा वेगळा करायचा. जेठे गड्डे बियाण्याला जातात, हळकुंडं शिजवणीला.

शिजवणी लांबवता येत नाही. काढणीनंतर चार-पाच दिवसांत काहील, म्हणजे शिजवणीची मोठी कढई, पेटली पाहिजे. काहिलीत हळकुंडं भरतात, ती बुडतील इतकं पाणी घालतात आणि वरून पाला किंवा गोणपाट झाकून जाळ लावतात. पाऊण ते एक तासात फेस वर येतो आणि हळदीचा ठराविक वास सुटतो. मग एक हळकुंड काढून त्यात काडी टोचून बघायची. ती सहज आरपार गेली तर जाळ ओढायचा. कच्ची राहिली तर हळद आतून सारखी वाळत नाही, ठिसूळ होते आणि साठवणीत तिला कीड लागते. जास्त शिजली तर लगदा होतो आणि रंग उतरतो. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आले आहेत. त्यात पाणी आणि जळण दोन्ही कमी लागतं आणि सगळा लॉट एकसारखा शिजतो.

(दृश्य : खळ्यावर पसरलेली हळद. जवळून.)

वाळवण दहा-पंधरा दिवसांचं. थर दोन-तीन इंचांचा ठेवायचा आणि तोही सिमेंटच्या किंवा फरशीच्या खळ्यावर, उघड्या मातीवर कधीच नाही. दुपारी उलथायची, संध्याकाळी ढीग करून दवापासून झाकायची. पुरती वाळलेली हळद मोडली की खणकन आवाज येतो. तोवर शंभर किलो ओल्या हळदीची वीसेक किलो उरलेली असते. मग ती पॉलिशच्या पिंपात फिरवतात. वरची साल आणि मुळ्या घासून निघतात आणि तो पिवळा रंग दिसायला लागतो. पुढचा प्रवास सांगलीच्या बाजारपेठेकडे. तिथे कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूरला, जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुराने त्यातली बरीचशी पेवं निकामी केली.

(दृश्य : मेणवली घाट. पायऱ्या, घंटेचं छोटं देऊळ.)

धोमकडून वाईला येताना, वाईच्या अलीकडे, मेणवली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १७६८ मध्ये हे गाव नाना फडणविसांना दिलं. नानांनी इथे वाडा, देवळं आणि हा घाट बांधला. वाडा सहा चौकांचा. भिंतींवरची चित्रं अजून काही ठिकाणी नीट वाचता येतात. देवळाजवळ टांगलेली ही पंचधातूची घंटा वसईहून आलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतरची ही आणलेली वस्तू. घंटेवर १७०७ साल आणि ख्रिस्ती चित्र कोरलेलं आहे.

या पायऱ्या जवळून पाहा. प्रत्येक पायरी किंचित पुढे झुकलेली आहे. वरून आलेलं पाणी पायरीवर साचत नाही, सरळ नदीत उतरतं. दोन दगडांमधली दरज सुरीचं पातं जेमतेम जाईल इतकी बारीक. ही घडाई टाकी-हातोड्याने पाथरवटांनी केली आहे.

(दृश्य : वाई. ड्रोन. नदी, घाट, शिखरं.)

ही वाई. परंपरा तिला विराटनगरी म्हणते. आदिलशाहीत हे सुभ्याचं ठाणं होतं. अफझलखान इथला सुभेदार होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे निघण्याआधी त्याचा तळ इथेच होता. पेशवाईत रास्ते घराण्याने वाईला आजचं रूप दिलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या कन्या. पुढे वाई शास्त्र्यांचं गाव म्हणून ओळखलं गेलं. प्राज्ञपाठशाळा इथली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम इथेच चाललं आणि १९७६ मध्ये पहिला खंड आला.

(दृश्य : घाटांची रांग, पाण्याच्या पातळीवरून.)

नदीकाठाने सात आळ्या आणि सात घाट. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. गावाची वस्ती घाटाच्या माथ्याच्या मागे, आणि माथ्याच्या खाली, म्हणजे पुराच्या पट्ट्यात, फक्त दगड. देवळं, ओटे, दीपमाळा, पायऱ्या. पुरात बुडलं तरी वाहून जाणार नाही असंच काय ते खाली.

(दृश्य : ढोल्या गणपतीची मागची भिंत. कॅमेरा नदीतून.)

हे ढोल्या गणपतीचं देऊळ. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. लोक समोरून येतात, अवाढव्य मूर्ती पाहतात आणि निघून जातात. देवळाची खरी करामत मागे आहे. ही मागची भिंत सपाट नाही. दोन बाजू तिरक्या येऊन मधे धारेला मिळतात, माशाच्या तोंडासारख्या. ही धार प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे. पूर आला की पाणी भिंतीवर आपटत नाही, धारेवर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. सपाट भिंत असती तर पाण्याचा सगळा रेटा एका जागी बसला असता आणि कोपऱ्यांशी भोवरे होऊन पायाखालची माती उकरली गेली असती. अडीचशेहून जास्त पावसाळे या भिंतीने काढले आहेत. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७चं. त्याचा काळ्या दगडाचा नंदी हात लावला तर धातूसारखा गार आणि गुळगुळीत लागतो.

(दृश्य : घाटाच्या दरजा. जुना चुना आणि त्याशेजारी करडा सिमेंट.)

आता हा दगड आणि हा दगड. डावीकडच्या दरजेत जुना चुना आहे, उजवीकडच्या दरजेत सिमेंट. घाटांपुढचं सगळ्यात मोठं संकट या दोन बोटांच्या अंतरात दिसतं.

बसाल्टमधून पाणी जात नाही. घाटाच्या मागे गावाची भरीव माती आहे आणि पावसाळ्यात ती पाण्याने गच्च होते. त्या पाण्याला बाहेर यायला एकच वाट आहे, दोन दगडांमधली दरज. चुन्याची दरज पाणी हळूहळू बाहेर सोडते. चुना दगडापेक्षा मऊ असल्यामुळे झीज झाली तर ती चुन्याची होते, दगडाची होत नाही, आणि चुना पुन्हा भरता येतो. सिमेंटने दरज बंद केली की पाणी मागे कोंडतं. भिंत पोट काढते. दगडांच्या कडा उडतात. दुरुस्ती पहिल्या वर्षी छान दिसते, मग दोन-तीन पावसाळ्यांत दगड हलायला लागतो आणि लोक म्हणतात, जुनं बांधकामच कच्चं होतं. बांधकाम पक्कं होतं. पाण्याचा कोंडमारा दुरुस्तीने केला.

(दृश्य : चुन्याचा हौद, घाणी, गवंड्याचे हात.)

चुन्याचं काम असं चालतं. चुनखडी भट्टीत भाजली की चुनकळी मिळते. ती हौदात पाण्यात टाकायची, ती उकळते, फुटते, विरघळते. इथे घाई चालत नाही. न फुटलेला खडा गाळात राहिला तर तो भिंतीत बसल्यावर फुगतो आणि गिलावा उडवतो. म्हणून विरलेला चुना चाळून, पाण्याखाली निदान काही आठवडे मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

मग घाणी. एक वाटा चुना, एक वाटा सुरखी म्हणजे विटांची भुकटी, एक ते दोन वाटे चाळलेली, माती नसलेली वाळू. दगडी चाक गोल चरातून फिरत हे मिश्रण दळतं. पूर्वी बैल ओढायचे, आता मोटर. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर आणि भिजवलेल्या हिरड्याचं पाणी यात घालतात. हिरडा या डोंगरांतलाच. गूळ जास्त झाला तर चुना धरायला उशीर करतो, तेव्हा हात राखूनच घालायचा.

दरज भरण्याआधी जुना सुटा चुना किमान इंचभर खोल खरवडून काढायचा, ब्रशने धूळ झाडायची आणि दगड पाण्याने भिजवायचा. कोरड्या दरजेत भरलेला चुना आपलं पाणी घालवून बसतो आणि भुसभुशीत होतो. भरल्यावर ओलं गोणपाट लावून दोन-तीन आठवडे दमट ठेवायचा. कडक ऊन आणि जोराचा पाऊस दोन्ही वैरी.

(दृश्य : पायऱ्यांतून वाढलेला पिंपळ.)

दुसरा वैरी हा. पिंपळ, उंबर, वड. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी दरजेत पडतं. पहिल्या पावसाळ्यात रोप दोन बोटांनी उपटून निघतं. दोन-तीन वर्षं गेली की मूळ दगडाच्या मागे जातं, आणि मग वरून कापून उपयोग नाही, ते पुन्हा फुटतं. औषध घालून मारलं तर कुजतं आणि मागे पोकळी राहते, जिथे पुढच्या पुराचं पाणी शिरतं. खरा उपाय कष्टाचा आहे. दगडांवर क्रमांक टाकायचे, फोटो घ्यायचे, एकेक दगड उतरवायचा, मूळ पूर्ण काढायचं आणि तोच दगड त्याच जागी पुन्हा बसवायचा.

(दृश्य : कृष्णाबाईचा उत्सव. घाटावरचे मांडव, पंगती.)

हिवाळा सरता-सरता कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. आळीआळीच्या घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची स्थापना होते. कीर्तन, भजन, प्रसादाच्या पंगती. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं परंपरा सांगते.

(दृश्य : घाटावरच्या गर्दीतून पुन्हा पायऱ्यांवर.)

चुन्याच्या कामाचे दिवसही हेच. नदी उतरलेली, हवा कोरडी पण ऊन अजून सौम्य. दिवाळीनंतर सुरुवात केली तर उत्सवाआधी एक घाट आणि उत्सवानंतर होळीपर्यंत दुसरा घाट करता येतो. त्यासाठी चुना आषाढातच हौदात पडायला हवा, म्हणजे कार्तिकापर्यंत मुरतो. नगरपरिषदेने दुरुस्तीचं अंदाजपत्रक उन्हाळ्यात मंजूर केलं, त्यात चुन्याचा दर वेगळा धरला आणि निविदेत सिमेंटला मनाई लिहिली, तर हे वेळेत बसतं. निविदा जानेवारीत निघाली तर मुरलेला चुना कुठेच तयार नसतो. मग मार्चअखेर काम संपवायचं म्हणून ठेकेदार सिमेंटची पोती उतरवतो.