ओल्या चौकटी

[दृश्य: जांभळीखालच्या पेट्या. मागे मधयंत्राची घरघर.]

मे महिना सरत आलाय. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर, २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं. जांभळाचा मध काढायची ही शेवटची खेप. मृगाच्या आत पेट्या आवरायच्या आहेत.

पेटीत माश्या सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणारी इथली देशी जात. खाली शिशुकोठी, तिथे राणी, अंडी आणि पिल्लं. वर मधकोठी. मध काढायचा तो फक्त वरचा. पोळं लाकडी चौकटींत बांधलेलं असतं. त्याच्या घरांवरचं मेणाचं झाकण लांब सुरीनं सोलायचं, चौकटी यंत्रात उभ्या करायच्या आणि हँडल फिरवायचं. मध उडून पिंपाच्या भिंतीवर आदळतो, तिथून खाली ओघळतो. पोळं मात्र जसंच्या तसं बाहेर येतं. झाडावरचं पोळं कापून पिळलं की पिल्लं, मेण, मध सगळं एकाच फडक्यात जातं. त्या मधाला बाजारात अजूनही ‘अस्सल’ म्हणतात, ते असो.

[दृश्य: चौकट, अगदी जवळून.]

ही चौकट रिकामी दिसते. बोट लावा, चिकटतं. प्रत्येक घराच्या आत मधाचा पातळ थर उरलाय. यंत्र कितीही फिरवलं तरी तो सुटत नाही, आणि फार जोरात फिरवलं तर कोवळं पोळंच फाटतं. धुवावं म्हटलं तर घरांत पाणी अडकून बुरशी धरते. तसंच ठेवावं, तर इथल्या पावसात तो मध हवेतलं पाणी ओढून घेतो आणि आंबतो.

म्हणून चौकटी परत माश्यांकडेच जातात.

[दृश्य: तिन्हीसांज. पेटीचं छप्पर निघतं.]

शिशुकोठीवर गोणपाट अंथरलंय. कडेला दोन बोटं जातील एवढी फट ठेवलीय. त्यावर ओल्या चौकटींची मधकोठी, आणि वर छप्पर. खरी करामत त्या फटीत आहे. फटीपलीकडचा मध माशीला घरातला वाटत नाही, बाहेर सापडलेला वाटतो. म्हणून ती तो तिथे ठेवत नाही, खाली पिल्लांजवळ नेऊन साठवते. फट न ठेवता कोठी थेट चढवली, तर पुष्कळदा तोच मध गोळा करून वरच्याच घरांत रचून ठेवते.

आणि वेळ संध्याकाळचीच. माश्यांच्या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं, की खाणं अगदी जवळ सापडलं तर माशी गोल गोल नाचते. इतरांना त्यातून एवढंच कळतं की माल जवळपास आहे. नेमका कुठे, ते नीट कळत नाही. दुपारी चौकटी ठेवल्या, तर सगळी वसाहत वास काढत भोवताली सुटते आणि शेजारच्या पेटीत शिरते. अंधारात माशी बाहेर पडत नाही.

[दृश्य: पोळ्यावरच्या माश्या. निवेदन थोडं थांबवून.]

डोकं घरात, सोंड तळाशी. पोटातल्या मधाच्या पिशवीत भरायचं, खाली जायचं, दुसरीच्या तोंडात द्यायचं, परत वर.

[दृश्य: तीच चौकट, आता कोरडी.]

बोटाला काही लागत नाही. सुरीनं फाटलेल्या कडाही त्यांनी सारख्या केल्यात. हे तयार पोळं म्हणजे मोठी बचत आहे. मेण येतं ते कामकरी माशीच्या पोटाखालच्या चार जोड ग्रंथींतून, बारीक खवल्यांसारखं, आणि तेही मुख्यतः ती साधारण १२ ते १८ दिवसांची असताना. किलोभर मेण बनवायला माश्या कित्येक किलो मध खातात. पोळं आयतं मिळालं की तो मध चौकटीत राहतो.

काही जण चौकटी सरळ अंगणात ठेवतात. त्यातून लूटमार होते आणि रोग पेटीतून पेटीत जातो. पिल्लं मारणाऱ्या थाई सॅकब्रूड विषाणूनं १९९१-९२ मध्ये दक्षिणेतल्या सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या.

[दृश्य: चौकटी कागदात गुंडाळून पेटाऱ्यात.]

मेणकिडा शिरू नये म्हणून फटी चिकटपट्टीनं बंद. खाली गेलेला मध पावसाळाभर पुरणारा नाही, पेट्यांना साखरेचा पाक द्यावाच लागेल. पुढच्या फुलोऱ्यात याच चौकटी पुन्हा वर चढतील.