नाव आणि चेहरा

नमस्कार श्रोतेहो.

आज एका जपानी चित्रकथेबद्दल बोलणार आहे. तिचं नाव ‘डेथ नोट’. लिहिली त्सुगुमी ओबा यांनी, चित्रं ताकेशी ओबाता यांची. २००३च्या डिसेंबरात ती जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली आणि २००६च्या मे महिन्यात संपली. १०८ प्रकरणं, पुस्तकरूपात १२ खंड. तुमच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल तर त्याला विचारून बघा, बहुधा त्याला ती तोंडपाठ असेल. आणि मूल चित्रांचं पुस्तक घेऊन बसलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की एक खंड आधी स्वतः वाचा. चित्रं आहेत म्हणजे बाळबोध असणार, ही समजूत आपण फार वर्षं उराशी धरून बसलोय.

तर गोष्ट अशी. लाईट यागामी हा सतरा वर्षांचा मुलगा. अभ्यासात देशभरात अव्वल. वडील सोइचिरो पोलिस खात्यात बड्या हुद्द्यावर. एक दिवस लाईटला शाळेच्या आवारात एक काळी वही सापडते. ती र्युक नावाच्या मृत्युदेवाने मुद्दाम खाली टाकलेली असते. का? तर त्याला त्याच्या लोकात कंटाळा आला होता म्हणून. वहीचा नियम साधा. ज्याचं नाव लिहाल, तो मरेल. अट एकच, नाव लिहिताना त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर हवा. कारण लिहिलं नाही, तर चाळीस सेकंदांत हृदय बंद पडून मृत्यू. चाळीस सेकंद म्हणजे मोठ्या आचेवर ठेवलेलं अर्धा कप दूध वर यायला लागतो तेवढासुद्धा वेळ नाही.

नाव आणि चेहरा. हे दोन शब्द लक्षात ठेवा श्रोतेहो, पुढे लागणार आहेत. नाव आणि चेहरा.

आता बहुतेक जण ही गोष्ट सांगताना म्हणतात, मुलगा चांगला होता, हातात सत्ता आली आणि बिघडला. मला हे मान्य नाही. पहिलं प्रकरण नीट वाचा. पहिलं नाव तो लिहितो ते पाळणाघरात मुलांना ओलीस धरून बसलेल्या माणसाचं. टीव्हीवर बातमी चालू असते, आणि वही खरी असेल यावर लाईटचा विश्वासच नसतो. दुसरं नाव असतं रस्त्यात एका बाईला त्रास देणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं. ते का लिहितो? वही चालते का, हे तपासायला. त्याचं नाव फक्त कानावर पडलेलं असतं, आणि जपानीत एकाच उच्चाराचं नाव निरनिराळ्या अक्षरचिन्हांत लिहिता येतं, म्हणून लाईट ते वेगवेगळ्या प्रकारे लिहून बघतो. डोळ्यांदेखत अपघात होतो, माणूस जातो. मग लाईट हादरतो, आणि त्यानंतर त्याला सुचतं की जग सडलेलं आहे, कुणीतरी साफ करायला हवं, ते मीच करणार. आधी खून झाला, तत्त्व मागाहून आलं. त्याचं पुढचं सगळं वागणं या क्रमातून निघतं.

लोक त्या अदृश्य मारेकऱ्याला किरा म्हणू लागतात. तुरुंगातले कैदी मरतात, फरार गुन्हेगार मरतात, जगभर गुन्हे कमी होतात, आणि हळूहळू लोक किराची बाजूही घ्यायला लागतात. त्याला शोधायला एल नावाचा एक विलक्षण गुप्तहेर पुढे येतो. एलचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, चेहरा कुणी पाहिलेला नाही. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. जाता जाता सांगतो, या कथेच्या लेखकाचं त्सुगुमी ओबा हे नावही टोपणनाव आहे, आणि त्यामागची व्यक्ती कोण हे आजवर जाहीर झालेलं नाही. मला हे फार आवडतं. हल्ली लिहिणाऱ्याचा चेहरा आधी बघतात आणि लिखाण नंतर, नाही तर बघतच नाहीत.

असो. आता मी ज्या प्रसंगासाठी हा विषय घेतला, त्याकडे येतो. जमेल तिथे मी हा प्रसंग सांगतो. त्याचं नाव नाओमी मिसोरा.

अमेरिकेच्या एफबीआयचे बारा अधिकारी गुपचूप जपानमध्ये आलेले असतात. पोलिसांच्या घरच्यांवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. त्यातला रे पेनबर लाईटच्या मागावर असतो. लाईटला त्याचं नाव हवं असतं. वहीत माणूस मरण्याआधी काय करेल तेही लिहिता येतं. तेव्हा तो काय करतो, तर त्या जोरावर एका गुन्हेगाराकडून एक बस अडवून घेतो. त्याच बसमध्ये लाईट, मागच्या सीटवर रे पेनबर. मुलाला धीर द्यावा, त्याचा विश्वास बसावा, म्हणून तो भला माणूस आपलं ओळखपत्र काढून लाईटच्या हातात देतो. नाव मिळालं. चेहरा समोरच आहे. त्याच्यामार्फत लाईट बाकीच्यांपर्यंतही पोचतो, आणि काही दिवसांत बाराच्या बारा अधिकारी मेलेले असतात. त्यांतला एकही गुन्हेगार नव्हता. हेही ध्यानात असू द्या.

या रे पेनबरची वाग्दत्त वधू म्हणजे नाओमी. तीही पूर्वी एफबीआयमध्ये होती आणि एलच्या हाताखाली तिने एक खटला सोडवलेला होता. लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडलेली. नवरा होणारा माणूस गेला, आणि रडत बसण्याऐवजी ही बाई विचार करू लागते. बस अडवली गेली तेव्हा त्याने कुणाला तरी आपलं नाव कळू दिलं असणार. तो बस अडवणाराही त्याच दिवशी गाडीखाली येऊन मेला. म्हणजे किरा त्या बसमध्ये होता. आणि किरा फक्त हृदय बंद पाडून मारत नाही, तो अपघातही घडवू शकतो. श्रोतेहो, अख्ख्या पोलिस खात्याला जे सुचलं नव्हतं ते या एकट्या बाईने घरात बसून ताडलेलं असतं!

नव्या वर्षाचा पहिला दिवस. ती पोलिस मुख्यालयात येते. स्वागतकक्षात सांगते, किराच्या तपासपथकातल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष बोलायचंय. उत्तर मिळतं, आत्ता कुणी नाही. ती पुन्हा सांगते, महत्त्वाचं आहे. पुन्हा तेच उत्तर. आणि त्याच वेळी वडिलांचे कपडे पोचवायला आलेला एक शाळकरी मुलगा शेजारी उभा असतो. अदबशीर, स्वच्छ चेहऱ्याचा. तो म्हणतो, माझे वडील या तपासाचे प्रमुख आहेत, मी काही मदत करू का?

तो लाईट असतो.

दोघं बाहेर पडून चालू लागतात. ती नाव सांगते, आणि आपण काय ताडलंय तेही एकेक करून सांगते. ऐकता ऐकता लाईट आतून गार पडतो, कारण ही बाई आत गेली आणि हे एकदा बोलली की सगळं संपलं. तो तिने सांगितलेलं नाव वहीच्या कागदावर लिहितो. घड्याळ बघतो. चाळीस सेकंद जातात. ती चालतेच आहे, बोलतेच आहे. काहीच होत नाही.

काहीच होत नाही, कारण तिने नाव खोटं सांगितलेलं असतं. चेहरा समोर आहे, पण नाव नाही.

इथून पुढची पानं मी कितीदा वाचली असतील. तसं पाहिलं तर दोन माणसं रस्त्याने चालत गप्पा मारतायत, एवढंच घडतं. मारामारी नाही, पाठलाग नाही. आणि तरी वाचताना श्वास अडकतो. (हल्ली मालिका दुप्पट वेगाने बघायची टूम निघालीय. हा प्रसंग तसा बघितलात तर न बघितल्यासारखाच आहे. यातली भीती सगळी वेळ जाण्यात आहे.) लाईट तिचा निरोप घेतो, ती परत मुख्यालयाकडे वळते, आणि त्याच्या लक्षात येतं की आता काहीतरी करायलाच हवं. तो तिच्या मागे जातो आणि सांगतो की पथकाची माणसं गुप्तपणे काम करतात म्हणून तिला आत कुणी भेटत नाहीये, मी स्वतः त्या पथकात आहे, आणि तुमच्यासारखी बुद्धी आम्हाला हवी आहे. आमच्यासोबत या. फक्त तुमचं एखादं ओळखपत्र दाखवा.

बघा, तो तिला धमकावत नाही. तिला जे हवं तेच देऊ करतो. गेलेल्या माणसाला न्याय मिळवून द्यायची संधी देऊ करतो. ती माफी मागते, सावधगिरी म्हणून खोटं नाव सांगितलं म्हणते, आणि आपलं वाहन चालवण्याचं लायसन्स काढून त्याच्या हातात देते.

नाव आणि चेहरा.

तो लिहितो. जिथे कुणाला प्रेत सापडणार नाही अशा ठिकाणी जाऊन ती जीव देईल, असं लिहितो. आणि घड्याळाकडे बघत राहतो. ती विचारते, तुम्ही सारखं घड्याळाकडे का बघताय? तो सांगतो, कारण किरा मीच आहे. तिला ते कळतं, पूर्ण कळतं, आणि त्याच क्षणी वेळ भरते. तिच्या डोळ्यांतलं तेज जातं, ती पाठ फिरवून चालू लागते. पुढे १०८व्या प्रकरणापर्यंत गोष्ट जाते, पण नाओमीचं प्रेत कुणाला सापडत नाही.

श्रोतेहो, या बाईचा गुन्हा काय? तिने प्रश्न विचारला. लाईटने गुन्हेगारांपासून सुरुवात केली होती ना? पण ज्याला कुणालाच जाब द्यायचा नाही, त्याच्या लेखी जाब विचारणारा हाच सर्वांत मोठा गुन्हेगार ठरतो. वहीत नाव लिहायला ओळ आहे. मृत्यूचं कारण लिहायला जागा आहे, तपशील भरायला वर सहा मिनिटं चाळीस सेकंद मिळतात. समोरच्याचं म्हणणं लिहायला मात्र जागा नाही.

आणि हे कल्पनेतलं म्हणून सोडून देऊ नका. जपानमध्येच इवाओ हाकामादा नावाचे एक मुष्टियोद्धे होते. मुष्टियुद्ध सुटल्यावर शिझुओका प्रांतात मिसोच्या, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या लगद्याच्या, कारखान्यात नोकरीला लागले. १९६६ साली त्यांच्या मालकाच्या कुटुंबातल्या चौघांचा खून झाला आणि यांना अटक झाली. दिवसचे दिवस चौकशी करून कबुलीजबाब घेतला, तो त्यांनी न्यायालयात नाकारला, तरी १९६८मध्ये फाशीची शिक्षा झाली. मुख्य पुरावा काय, तर खुनानंतर वर्षभराहून जास्त काळाने मिसोच्या टाकीत सापडलेले रक्ताचे कपडे. त्यांची बहीण हिदेको दशकानुदशकं लढत राहिली. २०१४मध्ये त्यांची सुटका झाली. आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी शिझुओकाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, तो पुरावा बनावट असल्याचं सांगितलं. तेव्हा त्यांचं वय ८८ वर्षं होतं.

आता हिशेब करा. २००३ साली, ‘डेथ नोट’ छापायला लागली तेव्हा, हाकामादा फाशीच्या कोठडीत होते. नाव सगळ्यांना माहीत, चेहरा वर्तमानपत्रांत छापलेला. लाईटसारख्याच्या हाती वही असती तर त्यांना चाळीस सेकंद मिळाले असते. न्यायालयाला अठ्ठावन्न वर्षं लागली, ती लाजिरवाणीच आहेत. पण तिथे पुन्हा दार ठोठावता तरी आलं.

आपल्याकडे तर नावाचीही गरज लागली नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. जमावाने पाचही जणांना ठेचून मारलं. तिथे नुसता अनोळखी चेहरा पुरला. पोलिस आरोपीला नेताना तोंडावर बुरखा घालतात, त्यावर चिडणारे लोक मला नेहमी भेटतात. मला तो बुरखा योग्य वाटतो. ओळखपरेड व्हायची असते हे तर आहेच, पण खटला उभा राहायच्या आधी चेहरा वाटत सुटू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो लाईटच्या वडिलांचा आहे. सोइचिरो यागामी एकदा रुग्णालयात असताना म्हणतात, की वाईट आहे ती माणसं मारण्याची शक्ती, ती ज्याच्या वाट्याला आली तो दुर्दैवी. फार चांगला माणूस बोलतोय, पण मला ते पूर्ण पटत नाही. कारण पुढे तशीच एक वही त्यांच्या स्वतःच्या हातात येते. मेलो नावाच्या गुन्हेगाराला पकडायला ते टोळीच्या अड्ड्यात शिरतात. चेहरा पाहताच खरं नाव दिसावं असे मृत्युदेवाचे डोळे घेण्यासाठी त्यांनी स्वतःचं उरलेलं अर्धं आयुष्य दिलेलं असतं, म्हणून मेलोचं खरं नाव त्यांना दिसतं. चेहरा समोर, नाव माहीत. अर्धं नाव लिहूनही झालेलं असतं. आणि त्यांचा हात थांबतो. उरलेलं नाव ते लिहीत नाहीत. तेवढ्यात गोळ्या लागतात, आणि त्यात त्यांचा जीव जातो. मरणाच्या दारात पडलेल्या त्या बापाला मुलगा काय सांगत असतो? बाबा, नाव लिहा.

शक्ती तीच, वही तशीच, घरही एकच. बापाने लिहिलं नाही.

बरेच वाचक एलचा शेवट झाला की पुस्तक खाली ठेवतात, आता यात काही उरलं नाही म्हणतात. माझं सांगणं आहे, ठेवू नका. सोइचिरोंचा हा प्रसंग त्यानंतरच येतो, आणि माझ्या मते नाओमीच्या प्रसंगाच्या तोडीचा या कथेत तेवढा एकच आहे. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, पहिल्या पाच-दहा पानांत सवय होते. नमस्कार.