खरखर चालते, हरवलेला शब्द चालत नाही

नमस्कार श्रोतेहो.

सणासुदीच्या दिवसांत टीव्हीच्या दुकानात गेलात, की भिंतभर पडदे लावलेले दिसतात. फोर-के, एट-के, ओलेड. विक्रेता त्यावर समुद्रातले रंगीत मासे दाखवतो, दव पडलेली फुलं दाखवतो. टीव्ही घरी येतो आणि त्यावर आपण बघतो मालिका, बातम्या, क्रिकेट आणि भाचीच्या बारशाचा व्हिडिओ. आठवडाभरात घरातल्या आजी म्हणतात, "चित्र छान आहे रे, पण बोलतात काय ते कळत नाही."

आज मला आजींच्या या तक्रारीबद्दल बोलायचं आहे. आजींचे कान अधू झालेत असं घरातली मंडळी म्हणतात. दर वेळी ते खरं नसतं. पूर्वीच्या खोक्याएवढ्या टीव्हीत स्पीकरचं तोंड बहुधा आपल्याकडे असायचं. आता टीव्ही बोटभर जाडीचा झाला, त्यात स्पीकरला जागाच उरली नाही, म्हणून तो खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसवतात. आवाज भिंतीवर आपटून मग आपल्यापर्यंत येतो. मोठा होतो, पण स्वच्छ होत नाही. रिमोटने आवाज वाढवला की पार्श्वसंगीतही वाढतं आणि संवाद त्याखाली दबलेलेच राहतात.

साध्या माणसाला दर्जा किती लागतो? माझं म्हणणं असं, की चित्र थोडं धूसर असलं तरी चालतं, आवाजात खरखर असली तरी चालते, पण शब्द पोचला पाहिजे. आणि हवी ती गोष्ट मिळाली पाहिजे. व्हीसीआरचंच, म्हणजे टेपवर चित्र उतरवून ते टीव्हीवर दाखवणाऱ्या यंत्राचंच बघा. 1975 साली सोनीने बीटामॅक्स आणलं, त्याचं चित्र थोडं सरस होतं, पण सुरुवातीची टेप एका तासाची. पुढच्या वर्षी जेव्हीसीचं व्हीएचएस आलं, त्याची टेप दोन तासांची. लोकांनी शेवटी व्हीएचएस घेतलं. त्याची कारणं बरीच होती, पण टेपची लांबी हे त्यातलं मोठं कारण.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो.

1952 साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची चित्रपटगीतं फारच कमी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर हिंदी चित्रपटगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम, बिनाका गीतमाला, सुरू झाली आणि देशभरातले श्रोते बुधवारी रात्री आठ वाजता सिलोन लावू लागले. गंमत बघा, तिचे निवेदक अमीन सयानी बोलायचे मुंबईत, त्यांची टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून त्यांचा आवाज शॉर्टवेव्हवर परत आपल्याकडे यायचा.

शॉर्टवेव्ह म्हणजे काय, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. लहर वर वातावरणाच्या आयनांच्या थरावर आदळून खाली येते. तो थर काही स्थिर नसतो. त्यामुळे आवाज मोठा होतो, बारीक होतो, मध्येच गायब होतो, परत येतो. शेजारून दुसरं एखादं स्टेशन डोकावतं.

तासगावच्या आमच्या घरात तेव्हा मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. थोरल्या काकांचा. काकांना गाण्याचा कान होता, ते ख्यालगायन ऐकायचे आणि रेडिओवर मिडियम वेव्हचं स्वच्छ लागणारं स्टेशनच लावायचे. बुधवार मात्र माझ्या धाकट्या आत्याचा. तिच्याकडे दोनशे पानी वही होती. डाव्या बाजूला या आठवड्याची पायदानं, म्हणजे लोकप्रियतेतले गाण्यांचे नंबर, उजवीकडे मागच्या आठवड्याची, मध्ये बाण काढलेले, कुठलं गाणं चढलं आणि कुठलं उतरलं. शेजारच्या मुली यायच्या, दारात त्यांच्या चपला पडायच्या. काका माजघरातून म्हणायचे, "ही खरखर ऐकायची म्हणजे कानांना शिक्षा आहे."

आणि खरखर होतीच! पण मुलींना तिचं काही वाटत नसे. गाणं रंगात असताना आवाज बुडाला, तर त्या सगळ्या जणी ती ओळ स्वतः म्हणायच्या. चालीत, लयीत. चार-पाच सेकंदांनी रेडिओचा आवाज वर यायचा, तेव्हा गायिका आणि आमची आत्या एकाच शब्दावर असायच्या. मी लहान होतो, मला ती जादूच वाटायची. गाणं तोंडपाठ असलं की कान गाळलेल्या जागा आपण होऊन भरतो.

पण निवेदन पाठ नसतं ना. एका बुधवारी वरचं पायदान यायची वेळ झाली. अमीन सयानींनी "बहनों और भाइयों" म्हटलं, गाण्याचं नाव येणार, आणि नेमका आवाज बुडाला. नुसती शीळ. आत्या पेन्सिल धरून बसलेली. "काय म्हणाले? काय म्हणाले?" कुणालाच कळलं नाही. एक जण गेली आणि एरियलची तार हातात धरून उभी राहिली. हे तुमच्यापैकी पुष्कळांनी केलं असेल, तार हातात धरली की आपलं अंगच एरियलचं काम करतं. आवाज थोडा वर आला, पुन्हा गेला. ती मुलगी बुटकी होती, तिचा हात खिडकीच्या वरच्या खिट्टीपर्यंत पुरेना.

तेवढ्यात काका आले. काही न बोलता त्यांनी तिच्या हातातली तार घेतली, दुसऱ्या हाताने खिडकीचा लोखंडी गज धरला आणि उभे राहिले. आवाज असा स्वच्छ वर आला, की सयानी जणू आमच्या ओटीवर बसून बोलताहेत. काकांनी बघायला म्हणून हात काढला, आवाज बुडाला. आत्या ओरडली, "दादा, सोडू नकोस हं!" मग काका ते सबंध गाणं होईपर्यंत तसेच उभे. धोतराचा सोगा खांद्यावर, एक हात वर. आणि गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मागच्या आठवड्यात हे कितव्या नंबरवर होतं ग?"

त्यानंतर दर बुधवारी शेवटच्या पायदानाला तार काकांकडे असायची. खरखरीबद्दल त्यांचं मत बदललं नाही. पण निवेदन ऐकू आलंच पाहिजे, हे त्यांनाही पटलं होतं. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू होऊनही बरीच वर्षं झाली होती, पण आमच्याकडे बुधवार सिलोनचाच राहिला.

शब्द पोचला पाहिजे. टेलिफोनचं जुनं तंत्र याच हिशोबावर उभं आहे. आवाज किती बारीक, किती जाड, हे हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाचा तरुण कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, जुना टेलिफोन साधारण तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढंच पाठवतो. तेवढ्यात बोलणं समजतं. फक्त 'स' आणि 'फ' यांची गल्लत होते, कारण 'स'चा बराचसा जोर चार हजारांच्या वर असतो. म्हणून फोनवर नाव सांगताना आपण 'समईतला स' असं म्हणतो. व्हिडिओ कॉलचंही तेच. नातवाचं चित्र थिजलं तरी आजोबा बोलत राहतात, आवाज तुटायला लागला की कॉल बंद करून साधा फोन लावतात.

इथे मला एक सांगायचंच आहे. बातम्यांच्या खाली संगीत वाजवण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. बातमीला ढोल कशाला हवा? आणि निवेदक इतक्या भरधाव बोलतात, की वाक्याचं क्रियापद कानात शिरायच्या आत पुढचं वाक्य येतं. ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा द्या. एसटीत मोबाइल स्पीकरवर लावणाऱ्यांनाही मी हेच सांगेन, हेडफोन वापरा, शेजारचाही माणूस काहीतरी ऐकत असतो.

तर टीव्हीकडे परत येतो. तुमच्या टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये बोलणं ठळक करणारा पर्याय बहुधा असतो, तो घरातल्या कुणाला तरी शोधायला सांगा. पडद्यापुढे ठेवायचा साधा स्पीकर मिळाला तर उत्तम, पण त्याचं तोंड आजींकडे असू द्या. मोठ्या इंचाच्या टीव्हीपेक्षा या स्पीकरवर केलेला खर्च जास्त कामी येतो.

आणि घरात लग्न असेल, तर शूटिंगवाल्याशी ड्रोनबद्दल बोलण्याआधी माइकबद्दल बोला. आमच्या नात्यातल्या एका लग्नाचा व्हिडिओ आहे, वरून सबंध मांडव दिसतो, फुलांच्या पाकळ्यासुद्धा मोजता येतात, आणि नवरीच्या आजीने स्वतः रचून म्हटलेलं मंगलाष्टक बँडच्या आवाजात पार बुडालं आहे. कॉलरला लावायचा छोटा माइक त्यांच्या पदराला लावायला अर्धा मिनिट लागला असता. तो आठवणीने लावून घ्या.

नमस्कार.