आधी काय सोडणार, ते सांगा

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात कुणालाही 'काय, कसं चाललंय?' असं विचारा, उत्तर ठरलेलं आहे. 'अहो, वेळच पुरत नाही.' हिंजवडीला नोकरीला जाणारा मुलगा म्हणतो, माझा निम्मा दिवस रस्त्यातच जातो. त्याची आई म्हणते, चौघांचे चार डबे आणि चौघांच्या चार वेळा, माझं म्हणून काही करायला मला फुरसतच नाही. आणि निवृत्त होऊन घरी बसलेले आजोबा, तेही म्हणतात, वेळ कुठंय! आजोबांचा वेळ कुठं जातो ते मी सांगतो. सकाळी मोबाइलवर आलेल्या प्रत्येक 'शुभ सकाळ'ला उलट 'शुभ सकाळ' धाडण्यात. त्यांनी गुलाब पाठवला की यांनी जास्वंद पाठवायची. हा प्रकार कायद्यानं बंद करावा असं माझं फार जुनं मत आहे. पण ते असो, आजचा विषय तो नाही.

आजचा विषय असा, की आपलं आयुष्य आपणच सुधारायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करायची?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लोकांच्या तक्रारी खोट्या नसतात. रस्ते खरंच तुंबतात. साहेब खरंच संध्याकाळी निघता निघता नवं काम हातात ठेवतो. घरातल्या बाईच्या अंगावर खरंच सगळं येऊन पडतं. 'मनात आणलं की काहीही शक्य आहे' असं सांगणारे व्याख्याते हल्ली तिकीट लावून नाट्यगृहं भरवतात, मी त्यांच्यातला नव्हे. पुष्कळ गोष्टी आपल्या हातात नसतात. पण आपलं पहिलं काम कोणतं, हे ठरवणं मात्र दुसरं कुणी आपल्यासाठी करून देत नाही. ना साहेब, ना नवरा, ना सरकार.

आणि ते ठरलंय की नाही हे ओळखायची माझी कसोटी एकच आहे. तुम्हाला काय हवंय, हे मी विचारत नाही. हवंय त्याची यादी प्रत्येकाकडे असते, ३१ डिसेंबरला ती आणखी वाढते. मी विचारतो, त्यासाठी तुम्ही सोडणार काय? पुन्हा सांगतो. काय हवंय ते राहू द्या, काय सोडणार ते सांगा.

यावरून एक गोष्ट सांगतो. संधी मिळेल तिथं मी ही सांगतो. घरी सुरुवात केली की एकेक जण काहीतरी काम आठवून उठतो. तुम्ही मात्र बसा.

कोथरूडचा कर्वे पुतळा तुम्हाला ठाऊक आहे. रोज हजारो माणसं तिथून वळतात. 'कर्वे पुतळ्यापाशी उतरा, मग फोन करा' एवढंच आता त्या नावाचं काम उरलंय. आपल्याकडे माणूस मोठा झाला की त्याचा बसथांबा होतो. महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणजे फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याला नेला, एका झोपडीत. म्हणजे आजचं कर्वेनगर, तेव्हाचा माळ. दिवसा कॉलेजात शिकवायचं आणि मग पायी हिंगण्याला जायचं, असा त्यांचा क्रम. सध्याची संध्याकाळची गर्दी बघता फर्ग्युसनहून कर्वेनगरला लवकर पोचायचं असेल तर तोच मार्ग बरा, असं मला अधूनमधून वाटतं.

पण माझी गोष्ट अण्णा कर्व्यांची नाही. ती त्यांच्या मेहुणीची आहे. पार्वतीबाई आठवले.

देवरूखच्या जोश्यांची ही मुलगी. जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि विशीत नवरा गेला. पदरात एक मुलगा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे केशवपन झालं, अंगावर आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, आलं, आणि माहेरच्या स्वयंपाकघरात जन्म काढायचा एवढंच पुढं उरलं. तिच्या जागी कुणीही असतं तर म्हणालं असतं, माझ्या हातात काय आहे? आणि खरंच काही नव्हतं हो. बोट ठेवून दाखवावं असं काहीच नव्हतं.

मात्र तिची थोरली बहीण गोदूबाई, तीही विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. १८९३ साली त्या गोदूबाईंशी कर्व्यांनी लग्न केलं. विधवेशी लग्न! कर्व्यांच्या गावानं, मुरूडच्या गावकऱ्यांनी, त्यांच्यावर बहिष्कार घातला. अशा वाळीत टाकलेल्या घराच्या आधारानं ही धाकटी बहीण पंचविशी उलटल्यावर पुण्याला आली. कशाला? शिकायला. मुलालाही शिकवायचं होतं. बरोबरीच्या बायका सून आणायच्या गोष्टी करत असतील त्या वयात ही पाटी-पेन्सिल घेऊन बसली.

आता इथं तिनं पहिल्यांदा काहीतरी सोडलं, ते बघा. पुनर्विवाहाचा रस्ता समोर उघडा होता. सख्ख्या बहिणीनं तो धरलेला होता. पार्वतीबाईंनी तो धरला नाही. आश्रमाचं काम हेच माझं काम, असं त्यांनी ठरवलं. हे योग्य की अयोग्य, यावर आपण वाद घालू शकतो. पुण्यात तर घालूच. पण ठरलं ते ठरलं, आणि ते दुसऱ्या कुणी ठरवलं नाही. मग आश्रमात शिकवणं, तिथली व्यवस्था बघणं, आणि सगळ्यात नकोसं काम म्हणजे वर्गणी गोळा करणं. गावोगाव जाऊन सभेत उभं राहायचं आणि विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागायचे. लोक पैसे देत, त्याच्या आधी दहा गोष्टी ऐकवत. १९१२ साली त्यांनी केशवपन सोडलं. म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा केस वाढवले. तेव्हाच्या पुण्यात हे किती बोचलं असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा.

आणि आता खरी गोष्ट.

वर्गणीसाठी फिरताना पार्वतीबाईंना एक अडचण पदोपदी येई. इंग्रजी येत नव्हतं. महाराष्ट्राबाहेर गेलं, बड्या अधिकाऱ्याकडं गेलं, की तोंड बंद. शिकायचा प्रयत्न करावा तर आश्रमातली कामं मध्ये येत. आज पाहुणे आले, उद्या कुणी आजारी पडलं, परवा धान्य भरायचं. ओळखीचं वाटतंय ना? 'वेळच पुरत नाही.' तीच तक्रार, शंभर वर्षांपूर्वीची, आणि अगदी खरी.

मग बाईंनी काय केलं? १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या.

नीट ऐकलंत ना? अमेरिकेला. वय अठ्ठेचाळीस. इंग्रजी जेमतेम. साल १९१८, महायुद्धाचं शेवटचं वर्ष. विमान नाही, समुद्रातून आठवडेच्या आठवडे बोटीत बसून जायचं. कुणी शिष्यवृत्ती दिलेली नाही, कॉलेजात प्रवेश नाही, मुलगा-सून तिकडं आहेत असंही नाही. हल्ली आपल्या सोसायटीतले आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला निघतात तेव्हा भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांनी बॅग भरते, तरी महिनाभर आधीपासून घरात धाकधूक असते. या बाईंना तिकडं घ्यायला कोण येणार होतं?

तिथं गेल्यावर पोट कसं भरायचं? त्यांनी घरकाम धरलं. लोकांच्या घरची नोकरी. श्रोतेहो, इथं मी दरवेळी थांबतो. हिंगण्यात त्यांना सगळे 'पार्वतीबाई' म्हणून मान देत. ज्यांच्या शब्दावर लोक खिशात हात घालत, त्या आश्रमाच्या एका आधारस्तंभानं परक्या देशात परक्यांच्या घरची कामं केली. शाकाहारी ब्राह्मण विधवा, आणि मांसमच्छी शिजणारी घरं. पण दिवसभर कानावर इंग्रजी पडे. बोलल्याशिवाय चालतच नसे. हवं होतं ते नेमकं हेच. शिकायला वेळ मिळत नाही ना, मग जिथं काम करता करताच शिकणं होईल तिथं जाऊ, असा साधा हिशेब. इंग्रजी शिकल्या, आश्रमासाठी पैसेही जमवले, आणि १९२० साली परत येऊन पुन्हा हिंगण्याच्या कामाला लागल्या.

मला कुणी विचारतं, 'यात एवढं काय? त्या काळात माणसंच तशी होती.' मुळीच नाही! त्या काळातही बहुतेक माणसं तुमच्या-माझ्यासारखीच होती, ओट्यावर बसून दुसऱ्यांना नावं ठेवणारी. जुना काळ फार थोर होता असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटत नाही. त्या थोर काळानंच या मुलीचं डोकं भादरलं होतं.

पार्वतीबाईंनी काय मिळवलं ते आपण चटकन बघतो. मला त्यांनी सोडलेलं दिसतं. दुसरा संसार सोडला. निमूटपणे राहिलं की मिळणारी सोवळी इज्जत सोडली. आणि शेवटी मान सोडला. मान सोडणं सगळ्यात अवघड. पैसा सोडता येतो, झोपही सोडता येते, पण 'लोक काय म्हणतील' हे सुटता सुटत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं अमेरिकेला जायचंय? बरोबर आहे. म्हणून एक जवळचं उदाहरण सांगतो, थोडक्यात, कारण घड्याळ पुढं पळतंय. आमच्या भागात पोळ्या करायला येणाऱ्या एक ताई आहेत. शाळा नववीत सुटलेली. दहावी व्हायचं मनात होतं. बाहेरून परीक्षेला बसायचं म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. फॉर्म भरणं सोपं, अभ्यासाला बसणं अवघड. त्यांनी काय केलं, तर संध्याकाळचं एक घर सोडलं. आणि कुठलं? सगळ्यात जास्त पैसे देणारं. कारण त्या घरी पाहुणे फार, कधी सुटका होईल सांगता येत नसे. कमी पैशाची पण वेळेची दोन घरं ठेवली. मी विचारलं, 'ताई, उलट करायचं ना?' म्हणाल्या, 'काका, मला पैसे कमी पडतील ते मी बघीन, पण सात वाजता मी घरी पाहिजे.' आमच्या सोसायटीत उच्चशिक्षित माणसं पुष्कळ आहेत. इतकं स्वच्छ उत्तर मला त्यांच्यापैकी कुणी दिलेलं नाही.

पैशाचंही असंच. महिनाअखेरीला उरेल ते बाजूला टाकू, असं म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही. पोस्टातली रिकरिंग महिना १०० रुपयांपासून उघडता येते, पाच वर्षांची असते. पगार झाला की आधी ती, मग बाकीचं. यातही प्रश्न तोच. त्या पैशात जे येणार होतं, ते काय सोडणार?

एक मात्र सावधगिरीची सूचना, आणि ही पुरुष श्रोत्यांनी जरा कान देऊन ऐकावी. सोडणं वेगळं आणि दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं वेगळं. 'मी आता रोज पहाटे पर्वती चढणार, तब्येत हेच माझं पहिलं काम', फार छान. पण मग मुलांना उठवणं, दूध तापवणं, रिक्षाकाकांपर्यंत सोडणं हे कुणाकडं गेलं? तुम्ही काही सोडलंच नाहीत, बायकोकडं सरकवलंत. खुद्द अण्णा कर्व्यांच्या घरीसुद्धा हे झालेलं आहे. त्यांनी आपली विम्याची पॉलिसीदेखील संस्थेला देऊन टाकली. संस्था मोठी झाली, घरात चणचण राहिली, आणि ती सोसली गोदूबाईंनी, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई कर्व्यांनी. अण्णांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी हे म्हणतोय. पुतळ्यालाही एवढं ऐकून घ्यायला हरकत नसावी.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या. हो, तेच, दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख लिहिलेलं. या आठवड्यात तुम्ही काय काय कबूल करून बसलाय ते बघा. साखरपुडा, भिशी, कुणाच्या तरी नव्या घराची वास्तुशांत, सोसायटीची मीटिंग. त्यातलं एक खोडा. एकच. आणि ती मोकळी झालेली वेळ तुमच्या त्या एका कामाच्या नावावर लिहा, पेन्सिलीनं नव्हे, पेननं. खोडलेलं घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. कारण शनिवारी 'येताय ना?' म्हणून फोन येणारच आहे, आणि तेव्हा 'नाही' कुणी म्हणायचं, हे आधी ठरलेलं असलेलं बरं. सोसायटीची मीटिंग खोडलीत तर माझी काहीच हरकत नाही, तिथं तसंही पार्किंगशिवाय दुसरं काही बोलत नाहीत.

नमस्कार.