उणे चाळीस अंशांतील थ्री नॉट थ्री

नमस्कार, श्रोतेहो.

'थ्री नॉट थ्री' हे नाव कानांवर पडले, की कोषागाराच्या दारात पहाऱ्यावर उभा असलेला पोलीस शिपाई आणि त्याच्या खांद्यावरची लांब, जड, लाकडी दस्त्याची रायफल आपल्या डोळ्यांसमोर येते. तिचे मूळ नाव ली-एनफिल्ड. ब्रिटिश सैन्याने ती १८९५ साली स्वीकारली आणि पुढे दोन्ही महायुद्धांत वापरली. ०.३०३ इंच हा तिच्या नळीचा आतला व्यास, आणि त्यावरूनच तिला हे नाव पडले. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही तयार होत असत आणि त्यांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे उमटवलेली असत. सैन्यातून निवृत्त झाल्यावर या रायफलीने उत्तर ध्रुवाकडील बर्फात आणखी सत्तर वर्षे जी चाकरी केली, तिच्याविषयी आज मी बोलणार आहे.

१९४७ साली कॅनडाने आपल्या विरळ वस्तीच्या उत्तर भागात लक्ष ठेवण्यासाठी 'कॅनेडियन रेंजर्स' हे अर्धवेळ दल उभारले. स्थानिक रहिवासीच त्याचे सैनिक होते आणि दूर उत्तरेत ते बहुतांशी इन्युइट या तिथल्या मूळनिवासी समाजातले होते. महायुद्ध नुकतेच संपले होते. टोरांटोजवळच्या लाँग ब्रांच येथील कारखान्यात युद्धकाळात बनलेल्या 'नंबर फोर' जातीच्या ली-एनफिल्ड रायफली शिल्लक पडल्या होत्या. त्यांपैकी एकेक रायफल प्रत्येक रेंजरच्या हाती देण्यात आली, वर्षाकाठी सुमारे २०० काडतुसे देण्याची पद्धत पडली आणि घरच्या शिकारीसाठी ती वापरण्याची मुभाही मिळाली. कागदोपत्री हे सैन्याचे हत्यार होते. प्रत्यक्षात ते घरात मांस आणण्याचे साधन झाले.

आपल्याकडे शिकार म्हटले, की संस्थानिकांचा शौक आणि भिंतीवर टांगलेली वाघाची मुंडकी आठवतात. इन्युइट कुटुंबाच्या दृष्टीने शिकार हा रोजचा बाजारहाट आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशातल्या गावांना जोडणारे रस्ते नाहीत. दुकानातला माल विमानाने किंवा उन्हाळ्यात जहाजाने येतो आणि त्याची किंमत ऐकून दक्षिणेतला कॅनेडियन माणूसही चकित होतो. कॅरिबू म्हणजे तिथले मोठे हरीण, सील आणि वॉलरस हे समुद्री प्राणी यांचे मांस मिळाले तरच घर नीट जेवते, आणि आणलेले मांस शेजारीपाजारी व नात्यागोत्यांत वाटले जाते. लहान आकाराच्या सीलसाठी थ्री नॉट थ्री खरे तर गरजेपेक्षा जड; त्यासाठी बरेच शिकारी 'पॉइंट टू टू'सारखी हलकी रायफल पसंत करतात. कॅरिबू किंवा वॉलरस यांच्यासाठी आणि अचानक समोर उभ्या ठाकणाऱ्या पांढऱ्या अस्वलापासून जीव वाचवण्यासाठी मात्र मोठी रायफलच लागते.

उणे चाळीस अंशांत यंत्राचे काय होते, हे समजून घ्यायला आपल्या घरातली डिसेंबरमधली खोबरेल तेलाची बाटली आठवावी. बंदुकीचे साधे तेल त्या थंडीत असेच घट्ट होते आणि फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईची, धाव इतकी मंदावते, की चाप ओढूनही काडतूस उडत नाही. म्हणून तिथले शिकारी हिवाळ्यापूर्वी रायफलीतले तेल पूर्णपणे पुसून काढतात आणि ती जवळजवळ कोरडीच वापरतात. दुसरा शत्रू म्हणजे घराची ऊब. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसे बाहेरून आणलेल्या गार रायफलीवर उबदार खोलीत पाणी जमते. तीच रायफल पुन्हा बाहेर नेली, की ते पाणी आतल्या आत गोठते आणि बोल्ट, म्हणजे हाताने मागेपुढे करून काडतूस आत ढकलणारा भाग, जागच्या जागी जखडतो. त्यामुळे रायफल घरात न आणता बाहेरच्या थंड पडवीत किंवा घसरगाडीवर, म्हणजे 'कामुतिक'वर, तिच्या खोळीत ठेवण्याची रीत आहे.

बोल्ट पद्धतीच्या रायफलीचा उपयोग इथे कळतो. स्वयंचलित रायफलीत पुढची गोळी भरण्याचे काम स्फोटातला वायू किंवा धक्का करतो आणि त्याला बारीक, नेमक्या मापाचे सुटे भाग लागतात. बोल्ट मात्र माणसाच्या हाताने चालतो. जाड हातमोज्यातूनही त्याचा दांडा पकडून जोर लावता येतो आणि थोडासा बर्फ अडकला तरी तो मोडून काढता येतो. शिवाय चिखलाने माखलेले काडतूसही आत जावे म्हणून ली-एनफिल्डची काडतुसाची खोबण मुद्दाम थोडी सैल ठेवलेली असते. खंदकातल्या चिखलासाठी केलेली ही सोय पुढे बर्फाच्या चुऱ्यालाही लागू पडली. कोणतेही अवजार न लावता बोल्ट बाहेर काढून कोरडा करता येतो. दुर्बिणीच्या काचेवर धुके आणि बर्फ जमतो, पण नेम धरण्याच्या लोखंडी माशीवर नुसती बोटाने पुसण्याइतकीच मेहनत लागते. अर्थात घसरगाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, नेम सरकतो. म्हणून निघण्यापूर्वी एखाददुसरी गोळी झाडून नेम तपासावा लागतो.

रायफल सैन्याची असली, तरी सैन्याची गोळी शिकारीला चालत नाही. पूर्ण धातूने मढवलेली लष्करी गोळी कॅरिबूच्या अंगातून आरपार निघून जाते आणि जखमी जनावर दूरवर पळून तडफडत मरते. शिकाऱ्याला मऊ टोकाची गोळी लागते, जी अंगात शिरताच पसरते. या गोळीचे प्रसिद्ध रूप, 'दमदम', कोलकात्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात १८९०च्या दशकात तयार झाले आणि तेही याच थ्री नॉट थ्रीसाठी. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरण्यावर बंदीची घोषणा झाली, कारण त्या माणसाला अमानुष जखमा करतात. परंतु शिकारीत झटपट मरण देणारी तीच गोळी दयाळू ठरते. काही जण लष्करी गोळीचे टोक घासून घरगुती उपाय करतात, पण तो धोक्याचा आहे, कारण गोळीचे आवरण नळीत अडकून पुढच्या बारात नळी फुटू शकते.

असा प्रवास केलेली ही एकच रायफल नाही. रशियाच्या उत्तरेत १८९१ ची मोसिन-नागान शिकाऱ्यांच्या हाती आली, तर नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर जर्मन सैन्याने मागे सोडलेल्या माउझर रायफली अस्वलापासून संरक्षणासाठी वापरल्या गेल्या. गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ स्वालबार्डवरील 'हिमाद्री' केंद्रात काम करतात. वस्तीबाहेर पडायचे तर त्यांनाही रायफल हाताळायला शिकावे लागते.

रेंजर्सच्या ली-एनफिल्डला शेवटी थंडीने हरवले नाही, सुट्या भागांच्या टंचाईने हरवले. दशके लोटल्यावर नवे भाग बनवणारे कोणी उरले नाही. मग २०१८ पासून कॅनडाने तिच्या जागी 'सी नाइन्टीन' ही नवी रायफल द्यायला सुरुवात केली. फिनलंडच्या टिका कंपनीच्या नमुन्यावर आधारलेल्या या रायफलीचा दस्ता बर्फात सहज दिसावा म्हणून लाल रंगाचा ठेवलेला आहे. त्या लाल लाकडी दस्त्यांना तडे गेल्याच्या बातम्याही पुढे आल्या, हे इथे नमूद करायला हवे. एकविसाव्या शतकात निवडलेली ही नवी रायफलदेखील बोल्ट पद्धतीचीच आहे, आणि जुनी ली-एनफिल्ड परवानाधारक रेंजर्सना स्वतःजवळ ठेवू देण्यात आली.

नमस्कार.