घारापुरी: शेवटची लाँच सुटल्यावर

(गेटवेचा धक्का. दोन मजली लाँच दोराने ओढून पायऱ्यांना लावली जातेय.)

सकाळचे नऊ वाजायला आलेत. गेटवेसमोर घारापुरीची, म्हणजे लेण्यांच्या एलिफंटा बेटाची, लाँच भरतेय. पाणी तिला वर-खाली करतंय आणि चढणाऱ्या प्रत्येकाला खलाशी हाताला धरून आत घेतोय. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे पडतात. पर्यटक ते हसत देतात. बेटावरचा माणूस मात्र खालीच बसतो, कांदे-बटाट्याच्या पोत्याला पाय टेकवून.

लाँच सुटली की कोण कुठला ते लगेच कळतं. समुद्राकडे बघणारे पाहुणे आणि डुलकी काढणारे गावकरी.

हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे लाँचच्या मागे लागतात. लोक त्यांना शेव-गाठी टाकतात. व्हिडिओ झकास येतो, पण पक्ष्यांचं ते अन्न नव्हे!

घारापुरीला पोचायला तासभर लागतो. वाटेत जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या दिसतात, पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, तोही बेटावरून दिसतो. त्या पुलावरून खाडी काही मिनिटांत ओलांडता येते. घारापुरीला अजून होडीच.

या पाण्यात गर्दी वाढलीये. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. माणसं गेली. तेव्हापासून लाइफ जॅकेट घाला म्हणून बजावलं जातं. उकडतं, घामाचा वास येतो, तरी घालावं.

(शेतबंदरचा लांबलचक धक्का. ओहोटी.)

हा शेतबंदरचा धक्का. ओहोटीला दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडतो, कडेला तिवरं. बेटावर गावं तीन: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. पर्यटकांना यातली दोन माहीतही नसतात. ते धक्क्यावरून सरळ पायऱ्या चढतात, दुतर्फा दुकानं बघत लेण्यांत जातात, महेशमूर्तीसमोर उभे राहतात आणि माकडांपासून पिशवी सांभाळत खाली उतरतात.

पायऱ्यांवर एक तक्रार हमखास ऐकू येते: पाण्याची बाटली महाग आहे. असणारच. ती बाटली, तिच्यासाठीचा बर्फ, दुकानावरचा पत्रा, वडापावचे पाव, गॅसचा सिलिंडर, सगळं होडीतून आलंय आणि कुणाच्या तरी डोक्यावरून, खांद्यावरून वर चढलंय.

बेटावरून बाहेर न्यायचा एक प्रयत्न मात्र चांगलाच फसला. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो इंग्रजांना विलायतेला न्यायचा होता. 1864 मध्ये उचलताना हत्ती पडला आणि फुटला. पुढे 1914 च्या सुमारास तुकडे जोडले गेले. आज तो भायखळ्याला, जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. विलायत राहिली, निदान मुंबई तरी बघितली त्याने.

माणसांची गोष्ट उलटी. मुंबई समोर दिसते, पण घारापुरी रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. म्हणजे सरकारी कागद हवा तर तालुक्याची कचेरी उरणला. एका किनाऱ्यावरून गिऱ्हाईक येतं आणि दुसऱ्या किनाऱ्यावर दाखला मिळतो.

(संध्याकाळ. धक्क्यावर रांग.)

साडेपाचच्या सुमाराला पर्यटकांच्या शेवटच्या लाँचची घाई होते. दुकानांवर ताडपत्र्या पडतात. पूर्वी यानंतर जनरेटरची वीज असायची, तीही संध्याकाळचे तीन-चार तास. मुंबईचा झगमगाट समोर, आणि इथे कंदील. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून महावितरणची वीज आली. फ्रिज आले, टीव्ही आले, मुलांना रात्री अभ्यासाला दिवा मिळाला.

पण केबलमधून माणूस जात नाही. रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं, बाळंतपणाची वेळ आली, तर आधी होडी बघावी लागते. मग होडी चालवणारा. मग भरती आहे की ओहोटी, वारा कसा आहे ते. पावसाळ्यात बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढला की हे सगळंच अडतं. म्हणून जूनच्या आधीच घरोघरी तांदूळ, तेल, औषधं भरून ठेवायची पद्धत.

सोमवारी लेणी बंद असतात. ज्यांचं पोट पर्यटकांवर आहे, त्यांना बाजार, दवाखाना, कचेरी उरकायला हाच दिवस सोयीचा. त्या दिवशी होडीत पाहुणे नसतात. पिशव्या असतात, कोंबड्या असतात, आणि कुणाच्या तरी लग्नाच्या याद्या मोठमोठ्याने चाललेल्या असतात.