छाती बंद करायच्या आधीची ती दहा मिनिटं

नमस्कार मंडळी! व्हॉल्व्हचं ऑपरेशन म्हटलं की सगळ्यांना सर्जनचे हात आठवतात, पण पेशंटच्या डोक्याशी आम्ही भूलवाले स्क्रीनला डोळे लावून बसलेले असतो, आज त्या स्क्रीनबद्दल. तिच्यावर दिसणाऱ्या तपासणीला म्हणतात टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून केलेला हृदयाचा इको (सोनोग्राफी). भूल दिल्यावर तोंडातून अन्ननलिकेत इकोचा प्रोब सरकवायचा. अन्ननलिका हृदयाला मागून खेटूनच जाते, मधे ना बरगडी ना फुप्फुस, त्यामुळे मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, लख्ख दिसतो.

मोक्याची वेळ कुठली, तर पेशंट हार्ट-लंग मशीनवरून (ऑपरेशनभर हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप) सुटला, हृदय स्वतःच्या जोरावर चालायला लागलं, पण नळ्या अजून काढलेल्या नाहीत आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचा उतारा म्हणून प्रोटामिन द्यायचं बाकी आहे. काही बिनसलेलं दिसलं तर आत्ता परत पंपावर जाता येतं, आयसीयूत कळलं तर मग बसा बोंबलत.

व्हॉल्व्हच्या रिपेअरनंतर गळती, म्हणजे मिटलेल्या व्हॉल्व्हमधून उलटं येणारं रक्त, बघताना आधी बीपी नेहमीच्या पातळीला आणायचं हं, कारण भुलीत बीपी पडलेलं असतं आणि तेव्हा गळती कमीच दिसते, सगळे खूश होतात उगाच.

आणि हा सॅम, म्हणजे सिस्टोलिक अँटीरियर मोशन! मायट्रलचा पुढचा पडदा दर ठोक्याला महाधमनीच्या वाटेत ओढला जातो, वाट अडते, वर व्हॉल्व्हही गळतो, बीपी धाडकन खाली. अशा वेळी हात सवयीने अ‍ॅड्रेनलीनकडे जातो आणि तिथेच घोळ होतो, कारण हृदय जितकं जोरात आवळेल तितका पडदा अजून ओढला जाणार. म्हणजे इलाज उलटा, अ‍ॅड्रेनलीन बंद, फ्लुइड भरा, फेनिलेफ्रिनने रक्तवाहिन्या आवळा, ठोके फार पळत असतील तर ते मंदावणारं एस्मोलॉल. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं, नाहीतर परत पंप. इको नसता तर हे कळलं कसं असतं सांगा!

हृदयाच्या भिंतींवरही नजर ठेवायची. मायट्रलच्या कडेने सर्कमफ्लेक्स ही कोरोनरी, म्हणजे हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणारी धमनी जाते, टाक्यात ती आवळली गेली तर बाजूची भिंत हलायची मंदावते. उजव्या कोरोनरीत हवा गेली तरी हृदयाचा खालचा भाग मंद होतो, पण ते सहसा थोड्या वेळात सुधारतं.

मेकॅनिकल (कृत्रिम) व्हॉल्व्हमध्ये रिंगच्या आत रक्ताचे बारीक जेट (झोत) दिसले तर घाबरू नका, ते डिझाइनमध्येच असतात. रिंगच्या बाहेरून, टाक्यांच्या कडेने रक्त येत असेल तर मात्र सर्जनला हाक मारायची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटचा एका चकतीचा व्हॉल्व्ह असेल तर चकती पूर्ण उघडते-मिटते ना, तेही बघायचं.

पेशंट मंडळींनो, गिळताना घास अडकत असेल किंवा अन्ननलिकेचं कधी ऑपरेशन झालं असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा, कारण मग प्रोब घालायचा की नाही हे आम्हाला ठरवावं लागतं.